करडई, तीळ, कोकमतेल: सोरायसिसच्या कोरड्या त्वचेसाठी तेल आणि लेप (प्रकल्प नोंदी, ठाणे)

रविवार, 3 ऑगस्ट 2025: कामाची हद्द

सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी घाईने वर येतात. एरवी खालच्या थरातली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. चट्ट्यात तेच तीन ते पाच दिवसांत उरकते. अर्धवट तयार झालेल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात, चंदेरी खपल्यांचा थर चढतो, पेशींमधले स्निग्ध पदार्थ नीट बसत नाहीत आणि त्या जागेतून पाणी सतत उडत राहते. मूळ बिघाड प्रतिकारशक्तीत आहे आणि वरून लावलेल्या तेलाने तो दुरुस्त होत नाही.

तेलाची कामे तीन: पाणी उडणे कमी करणे, खपली मऊ करणे, भेग पडू न देणे. एवढे नीट झाले तरी खाज कमी होते, झोप लागते आणि डॉक्टरांनी दिलेले मलम जाड खपलीवर न अडता खाली पोचते. यापलीकडचा कोणताही दावा बाटलीवर लिहायचा नाही, हे आजच ठरवून टाकले.

तेल वापरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायच्या दोन गोष्टी. एक, तेल सुरू केले म्हणून चालू औषध बंद करायचे नाही. स्टिरॉइडचे जोरदार मलम किंवा गोळ्या एकदम सोडल्या तर आजार उसळतो, कधी अंगभर पू भरलेल्या पुळ्या येतात. दोन, सगळे अंग लाल होणे, थंडी वाजणे, ताप, पुळ्या यांपैकी काही दिसले तर तेलाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी उठल्यावर बोटांचे किंवा टाचेचे सांधे आखडत असतील, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले असतील, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवे. सोरायसिस सांध्यांत उतरू शकतो आणि सांधा एकदा झिजला की भरून येत नाही.

रविवार, 10 ऑगस्ट: कोणते तेल, आणि का

घरोघरी तेल वापरतात ते सवयीने: खोबरेल आहे म्हणून खोबरेल, कुणी ऑलिव्ह भेट दिले म्हणून ऑलिव्ह. आमची निवड तेलातल्या स्निग्धाम्लांवरून (फॅटी ॲसिडवरून) केली आहे.

लिनोलेइक आम्ल हे त्वचेच्या अडथळा-थरातल्या सिरॅमाइडचा, म्हणजे पेशींमधल्या स्निग्ध पदार्थाचा, घटक आहे. ओलेइक आम्ल उलट त्या थरात शिरून त्याची रचना सैल करते. म्हणून तर औषध त्वचेतून आत नेण्यासाठी ते वापरतात. शेफील्ड विद्यापीठाच्या 2013 च्या अभ्यासात प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर वरच्या थराची घट्ट वीण बिघडली आणि हलकी लाली आली. सूर्यफूल तेलाने वीण टिकली. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल 55 ते 83 टक्के असते. जेवणात ते चांगले असेलही, पण ज्या त्वचेचा अडथळा आधीच तुटका आहे तिथे ते नको.

आपल्याकडे लिनोलेइकचा सर्वांत सोपा साठा म्हणजे करडई. जुन्या, नेहमीच्या वाणांच्या तेलात ते 70 टक्क्यांच्या वर असते. सोलापूर-मराठवाड्याकडचे हे पीक, त्यामुळे घाण्याचे तेल ठाण्यात मिळायला अडचण नाही. मात्र करडई आणि सूर्यफूल या दोन्हींचे ओलेइक जास्त असलेले वाणही निघाले आहेत. पाकिटावरचा पोषणाचा तक्ता पाहायचा: 100 ग्रॅममध्ये पॉलीअनसॅच्युरेटेड (लिनोलेइक यात येते) 60 ते 75 ग्रॅम असेल तर आपल्या कामाचे, मोनोअनसॅच्युरेटेड (ओलेइक यात येते) 70 च्या वर असेल तर ते तळणीसाठी. ‘ब्लेंडेड’ लिहिलेले पाकीट घ्यायचे नाही, कारण त्यात राइस ब्रॅन किती हे प्रमाण बदलत राहते.

तीळ: ओलेइक आणि लिनोलेइक जवळजवळ सारखे, प्रत्येकी 40 टक्क्यांच्या आसपास. त्वचेसाठी मधलेच, पण त्यातल्या सेसॅमोलमुळे ते उशिरा खवट होते आणि मिश्रणातल्या करडईलाही थोडे सांभाळते. ज्यांना खाण्यातल्या तिळाची ॲलर्जी आहे त्यांनी घाण्याचे तीळतेल अंगालाही लावू नये. त्यात बियांतल्या प्रथिनांचे अंश राहतात.

एरंडेल: जवळपास 90 टक्के रिसिनोलेइक आम्ल, घट्ट आणि चिकट. एकट्याने लावले तर कपडा अंगाला चिकटतो, मिश्रणात 10 टक्के पुरे. त्यामुळे तेल जागेवरून वाहून जात नाही.

खोबरेल: लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास. लिनोलेइक नगण्य, पण साध्या कोरडेपणावर काम चांगले करते. 2004 च्या एका चाचणीत शुद्ध खोबरेल आणि खनिज तेल कोरड्या त्वचेवर सारखेच ठरले होते. ज्यांना वर्षानुवर्षे मानवले आहे त्यांनी ते बदलायचे कारण नाही.

बाहेर ठेवलेली तेले. मोहरी: त्यातल्या झणझणीत घटकाने त्वचा भाजल्यासारखी होते. कापूर घातलेले खोबरेल: खाज क्षणभर थंडावते, भेगेवर आग होते, आणि लहान मुलाच्या तोंडात गेले तर झटके येऊ शकतात. कडुलिंब आणि करंज: परंपरेत दोन्हींचे स्थान मोठे आहे, पण वास उग्र आणि काहींच्या त्वचेला चुरचुरतात. मूळ तेलात ती मिसळली तर त्रास कशाने झाला ते कळणार नाही, म्हणून बाहेर. कडुलिंबाचे तेल लहान मुलांना पोटात देणे तर जिवावर बेतते.

बावचीबद्दल जरा सविस्तर, कारण ‘डागांवर बावचीचे तेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. बावचीत सोरालेन असते. ते लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की पेशी भाजतात. 1974 पासून वापरात असलेली ‘पुवा’ प्रकाशचिकित्सा याच तत्त्वावर चालते, पण तिथे सोरालेनची मात्रा ठरलेली, किरण मोजून दिलेले आणि डोळ्यांवर चष्मा असतो. घरी बावची लावून बाहेर पडणे म्हणजे मोजमाप नसलेली तीच चिकित्सा: फोड येतात, आणि भाजलेल्या जागी नवा चट्टा उठतो. लिंबाच्या जातीच्या सुगंधी तेलांतही याच कुळातले पदार्थ असतात. म्हणून मिश्रणात कोणतेही सुगंधी तेल नाही, टी ट्री आणि लव्हेंडरसुद्धा नाही.

रविवार, 24 ऑगस्ट: खरेदी

करडई आणि तीळ: नौपाड्यातल्या लाकडी घाण्यावरून. घाण्यावर विचारायचे प्रश्न ठरलेले हवेत: तेल कोणत्या दिवशी काढले, किती दिवस निवळू दिले, बी भाजून घेतले की कच्चे. भाजलेल्या तिळाचे तेल खमंग लागते, पण अंगासाठी कच्च्या तिळाचेच. गढूळ तेल घ्यायचे नाही. त्यातल्या गाळात ओल असते आणि खवटपणा तिथूनच सुरू होतो.

एरंडेल औषधांच्या दुकानातून, कोल्ड प्रेस्ड, बिनवासाचे. जांभळी नाक्यावर सुटे मिळते, पण ते दिव्याचे की अंगाचे याची खात्री देता येत नाही.

कोकमतेल (कोकणात भिरंडेल म्हणतात ते) अंड्याच्या आकाराच्या गोळ्यांत येते. रंग फिकट पिवळट-पांढरा, वास जवळपास नाही. करड्या रंगाचा आणि धुराचा वास असलेला गोळा बी जास्त भाजल्याचा, तो नको. घरगुती पद्धतीत बिया कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेली चरबी काढतात, त्यामुळे गोळ्यात पाणी राहून जाते. वितळवताना तडतड झाली तर मंद आचेवर ती थांबेपर्यंत ठेवून, गाळून मगच वापरायचे.

मेण: गाळलेले, पिवळे मधमाशीचे मेण. कच्च्या मेणात प्रोपोलिस (मधमाश्यांनी जमवलेला झाडांचा डिंक) राहते आणि ते ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे. पॅराफिनची भेसळही सर्रास होते. खरे मेण 62 ते 64 अंशांना वितळते. बरेच आधी पाघळू लागले तर दुकान बदलावे.

व्हिटॅमिन ई घेताना एक गोष्ट नीट पाहायची. औषधांच्या दुकानातल्या हिरव्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा टोकोफेरिल ॲसिटेट असते. ते शरीरात गेल्यावर कामाला येते, बाटलीतल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही, कारण रेणूतली काम करणारी जागाच ॲसिटेटने झाकलेली असते. हवे ते ‘मिक्स्ड टोकोफेरॉल’. साबण आणि सौंदर्यप्रसाधनांचा कच्चा माल विकणाऱ्यांकडे मिळते.

रविवार, 7 सप्टेंबर: पातळ तेल, पहिला घाट (एका वेळी केलेला साठा)

500 ग्रॅमसाठी:
करडई 350 ग्रॅम
तीळ 98.5 ग्रॅम
एरंडेल 50 ग्रॅम
मिक्स्ड टोकोफेरॉल 1.5 ग्रॅम

सगळे वजनावर. एरंडेल इतर तेलांपेक्षा जड आहे आणि भांड्याला चिकटून राहते, मिलिलिटरने मापले तर प्रत्येक घाटात फरक पडतो. टोकोफेरॉलसाठी 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागतो, स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा चालत नाही.

भांडी स्टीलची किंवा काचेची. तांबे, पितळ आणि लोखंड नको. या धातूंचा अंशही तेलाचा खवटपणा वाढवतो. म्हणूनच कल्हई उडालेले पितळी पातेले या कामाला बाद.

कृती: बाटल्या गरम पाण्याने धुऊन, उलट्या टांगून, नंतर ओव्हनमध्ये 100 अंशांवर अर्धा तास. सप्टेंबरात ठाण्याच्या हवेत ‘वाळलेली’ बाटली खरोखर वाळलेली नसते, आत बोट फिरवले की कळते. टोकोफेरॉल आधी 50 ग्रॅम करडईत घोटून घ्यायचे, मग ते उरलेल्या तेलात. एरंडेल शेवटी, बारीक धारेने, पाच मिनिटे ढवळत. तापवायची गरज नाही. गडद तपकिरी 100 मिलीच्या बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या. अर्ध्या बाटलीतली हवा तेलाला महिनाभर खात बसते.

कोरफडीचा गर, गुलाबपाणी, ग्लिसरीन घालण्याची सूचना आली होती. यातले काहीच तेलात विरघळत नाही. हलवल्यावर घडीभर एकजीव दिसते, मग तळाशी थर साचतो, आणि त्या पाण्याच्या थरात आठवड्याभरात बुरशी धरते. पाणी घालायचे तर इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) आणि संरक्षक दोन्ही लागतात, म्हणजे ते क्रीम झाले आणि ॲलर्जीची शक्यता वाढली. या तेलात पाण्याचा थेंब नाही म्हणूनच ते संरक्षकाशिवाय टिकते.

वनस्पती घालून तेल सिद्ध करण्याचाही विचार झाला. शास्त्रोक्त प्रमाण कल्क (वाटलेली वनस्पती) 1, तेल 4, द्रव 16. मंद आचेवर द्रव आटेपर्यंत शिजवायचे. कल्काची वात वळली जाते, ती पेटवल्यावर तडतडत नाही आणि तेलावर फेस येतो तेव्हा ते झाले. ही वैद्यांची विद्या आहे आणि खुणा नेमक्या आहेत. पण करडईसारखे नाजूक तेल इतका वेळ तापवले तर त्यातले लिनोलेइकच आधी बिघडते. सिद्ध तेल हवे असेल तर तिळाचेच करावे, आणि ते वैद्यांच्या देखरेखीखाली. या प्रकल्पात नाही.

रविवार, 21 सप्टेंबर: पॅच टेस्ट

एकदा लावून दुसऱ्या दिवशी पाहणे पुरेसे नाही. ॲलर्जीची प्रतिक्रिया दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा येते. पद्धत अशी: कोपराच्या आतल्या बाजूला, चट्टा नसलेल्या जागी, पाच रुपयांच्या नाण्याएवढा भाग पेनाने आखायचा. दिवसातून दोनदा एक थेंब, सात दिवस, त्याच जागी. लाली, बारीक पुटकुळ्या किंवा खाज आली की थांबायचे.

चट्ट्यावर पॅच टेस्ट करायची नाही. तिथे आधीच लाली असते, निकाल वाचता येत नाही. शिवाय सोरायसिसच्या त्वचेला ओरखडा, भाजणे, कीटकदंश, टॅटू अशी कोणतीही इजा झाली तर तिथे नवा चट्टा उठू शकतो. चाचणीची जागा खाजवली गेली तर तोच धोका, म्हणून पुरळ दिसताच तेल पुसून टाकायचे, ‘बघू अजून दोन दिवस’ नाही.

तेल आणि लेप यांची चाचणी वेगवेगळ्या हातांवर, वेगवेगळ्या आठवड्यांत.

रविवार, 28 सप्टेंबर: लावायची रीत

तक्रारींतल्या बऱ्याचशा तेलाच्या नसून वेळेच्या निघतात. तेल पाणी देत नाही, असलेले पाणी अडवते. दुपारी सुक्या, तडकलेल्या कातडीवर तेल चोळले तर वरून चमक येते, आतून ताण तसाच.

अंघोळ कोमट पाण्याने, 36 ते 38 अंश, पाच ते दहा मिनिटे. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमते आणि तासाभरात दुप्पट होते. साबणाची वडी अल्कधर्मी असते, पीएच 9 ते 10. त्वचेचा 5 च्या आसपास. काख, जांघ, पाय एवढ्यापुरता सौम्य साबणविरहित क्लेन्झर, बाकी अंगाला नुसते पाणी. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते तिथे हे जास्त सांभाळायचे. जड पाण्यात साबणाचा चोथा होऊन कातडीवर बसतो, धुतला जात नाही, खाज वाढवतो.

सुती पंचाने टिपायचे, पुसायचे नाही. अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत तेल. प्रौढाच्या पूर्ण अंगाला साधारण 15 ते 20 मिली. हात केसांच्या दिशेने खाली. उलट चोळले की केसांच्या मुळांशी तेल कोंडते आणि पुळ्या येतात. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात हे प्रमाण निम्मे.

काख, जांघ, स्तनांखालची घडी: तिथे तेल नको. घडीतल्या सोरायसिसमध्ये खपली नसतेच, लालसर ओलसर पट्टा असतो. त्यावर तेल पडले की घाम कोंडतो आणि बुरशीला आमंत्रण.

औषधाचे मलम आणि तेल यांत किमान अर्धा तास अंतर. आधी कोणते हे डॉक्टरांना विचारून प्रत्येकाच्या कार्डावर लिहायचे. सॅलिसिलिक आम्लाचे मलम आणि कॅल्सिपोट्रिऑल (व्हिटॅमिन डीच्या जातीचे सोरायसिसचे मलम) एकत्र लावायचे नाही. आम्लाने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होते. प्रकाशचिकित्सा चालू असेल तर सत्राआधी जाड लेप लावायचा नाही, किरण अडतात.

रविवार, 12 ऑक्टोबर: दिवाळीच्या आधीची सूचना

20 तारखेला नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नान या त्वचेला चांगलेच, उटणे नव्हे. उटण्यातली भरड पूड, ती घासण्याची सवय आणि त्यातला सुगंध तिन्ही गोष्टी चट्ट्याला मारक आहेत. खपली ओरबाडून काढली की खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके दिसतात, आणि त्या जखमेवर आजार पुन्हा जोमाने येतो.

सर्वांना पाठवलेली रीत: पहाटे अंगाला कोमट केलेले तेल, अर्धा तास मुरू द्यायचे, मग पाणी. उटण्याचा शकुन पाळायचा तर तळहातावर चिमूटभर ओले करून चट्टे नसलेल्या मनगटाला लावावे आणि लगेच धुवावे. तेलकट पायांनी मोरीत घसरण्याचा धोका खरा आहे. वयस्कांसाठी रबरी पायपुसणे आणि स्टूल.

बुधवार, 29 ऑक्टोबर: डोके

आज जागतिक सोरायसिस दिन. सोसायटीच्या फलकावर एकच वाक्य लावले: सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत आणि लोकलच्या गर्दीत या माणसांना जे सोसावे लागते त्यावर हे वाक्य पुन्हा पुन्हा लावावे लागेल.

डोक्याचे गणित अंगापेक्षा वेगळे आहे. टाळूवर मॅलासेझिया नावाची बुरशी मुळातच राहते आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते. खपल्या पिवळट, तेलकट आणि भुवया-नाकाच्या कडेलाही असतील तर सोरायसिससोबत सेबोऱ्हिया (तेलकट कोंड्याचा विकार) आहे असे समजावे. अशा डोक्यावर रात्रभर तेल ठेवले की ते चिघळते. तिथे डॉक्टरांनी दिलेला शाम्पू आधी.

खपल्या सुक्या, जाड, चंदेरी असतील तर: 10 ते 15 मिली तेल कोमट करून, केसांचे भाग पाडत, कापसाने टाळूवर. एक ते दोन तास. मग शाम्पू आधी कोरड्या-तेलकट केसांवरच चोळायचा आणि त्यानंतर पाणी. आधी पाणी ओतले तर तेल निघत नाही आणि दुसऱ्यांदा शाम्पू लागतो. सुटलेल्या खपल्या रुंद दात्यांच्या फणीने हलकेच. बारीक दातांची उवांची फणी वर्ज्य. आठवड्यातून दोनदा पुरे.

रविवार, 23 नोव्हेंबर: कोपर-गुडघ्या-टाचांसाठी लेप

100 ग्रॅमसाठी:
कोकमतेल 30 ग्रॅम
मेण 12 ग्रॅम
करडई 47.5 ग्रॅम
एरंडेल 10 ग्रॅम
मिक्स्ड टोकोफेरॉल 0.5 ग्रॅम

कोकमतेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त, म्हणून ते खोलीत दगडासारखे घट्ट आणि अंगाच्या उष्णतेला हळूहळू पाघळणारे. टाचेच्या भेगेला कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या लावतात आणि ते बरोबरच आहे: जिथे तेल टिकत नाही तिथे हे टिकते. डबी खिशात बाळगणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात मेण 15, थंडीत 9. फरक करडईतून वजा-अधिक.

पहिला घाट डबीत निवत ठेवला, दुसऱ्या दिवशी रवाळ झाला. याचे कारण ठरलेले आहे. कोकमतेलातले उच्च वितलनबिंदूचे भाग सावकाश निवताना आधी गोठतात आणि त्यांचे मोठे खडे होतात. बिघाड फक्त पोताचा, पण भेगेवर ते टोचतात. उपाय: मेण आणि कोकमतेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात 75 अंशांपर्यंत वितळवून वीस मिनिटे तिथेच धरायचे, म्हणजे जुन्या खड्यांचा माग उरत नाही. मग एरंडेल. आचेवरून उतरवून करडई. ती थंड असल्याने मेणाच्या गुठळ्या झाल्या तर भांडे पुन्हा मिनिटभर गरम पाण्यात. बाहेरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून सतत ढवळत 45 अंशांवर आणायचे, टोकोफेरॉल घालायचे, डब्यांत ओतून वीस मिनिटे फ्रिजमध्ये. झाकण फ्रिजमध्ये असतानाच लावायचे आणि डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर आपल्या दमट हवेतले पाणी थंड लेपावर साचते. हाच घाट पुन्हा वितळवून या रीतीने केला. पोत लोण्यासारखा आला.

थर्मामीटर नसेल तर हे काम करू नये. अंदाजाने तापवलेले मेण धूर धरते.

मात्रा: तर्जनीच्या शेवटच्या पेराइतका लेप, साधारण अर्धा ग्रॅम, दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतो. टाचेला रात्री, वर सुती मोजा. डबीत ओले बोट घालायचे नाही. लाकडी चमचा डबीसोबतच द्यायचा.

रविवार, 14 डिसेंबर: थंडी, एसी, खवटपणा

खोबरेल सुमारे 24 अंशांना गोठते, त्यामुळे सकाळी बाटली घट्ट झाल्याचे निरोप आले. तो बिघाड नाही. बाटली कोमट पाण्यात उभी करावी, गॅसवर नाही. आमचे पातळ तेल गोठत नाही.

ऐरोली-महापेच्या कार्यालयांत दिवसभर एसीत बसणाऱ्यांची खाज संध्याकाळी वाढते. त्यांनी दुपारी हात आणि पिंढऱ्यांवर पाण्याचा ओला हात फिरवून लगेच चार-पाच थेंब तेल लावायचे. नुसते तेल नाही.

सप्टेंबरच्या घाटाची तपासणी. वास घ्यायची पद्धत: दोन थेंब तळहातांत घासून गरम करायचे. ताज्या करडईला जवळपास वास नसतो. रंग, जुना खडू, शिळे शेंगदाणे यांपैकी काही आठवले तर बाटली टाकायची. खवट तेलातले पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड चट्ट्याला चिडवतात. पूर्ण भरलेल्या, कपाटातल्या बाटल्या चांगल्या आहेत. खिडकीत ठेवलेली, अर्धी रिकामी बाटली बाद.

प्रयोगशाळेत पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचे माप) काढायचे तर: 5 ग्रॅम तेल, ॲसेटिक आम्ल आणि क्लोरोफॉर्म 3:2 चे 30 मिली, संपृक्त पोटॅशियम आयोडाइड अर्धा मिली, मिनिटभर हलवून 30 मिली पाणी, मग स्टार्च वापरून थायोसल्फेटने टायट्रेशन. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा घाण्याच्या तेलाला किलोमागे 15 मिलिइक्विव्हॅलंट, रिफाइंडला 10. मात्र फार जुन्या तेलात पेरॉक्साइड पुढे तुटून जातात आणि आकडा पुन्हा खाली येतो. आकडा कमी आणि वास खवट असेल तर नाकाचे ऐकायचे.

ठरले: पातळ तेल तीन महिन्यांनंतर वापरायचे नाही, लेप सहा. उरलेल्या बाटलीत नवे तेल ओतायचे नाही. जुन्यातला थोडासा खवटपणा नव्याला लवकर बिघडवतो.

रविवार, 4 जानेवारी 2026: कपडे आणि आग

तेल मुरलेल्या पंचाची, चादरीची गोष्ट गांभीर्याने घ्यायची. करडईसारखी लिनोलेइक भरपूर असलेली तेले हवेत सुकताना उष्णता सोडतात. तेलकट फडकी बोळा करून बादलीत कोंबली तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि ती आपोआप पेटू शकतात. ड्रायरमधून गरमागरम काढून घडी घातलेल्या कपड्यांतही हेच होते. शिवाय तेल किंवा पॅराफिनचे मलम मुरलेला कपडा ठिणगीला साध्या कपड्यापेक्षा झटकन पेट घेतो; निरांजन, गॅस, विडी यांपासून दूर. वापरलेले फडके पसरून दोरीवर वाळवायचे, मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून धुवायचे. एका धुण्यात तेल पूर्ण निघत नाही, म्हणून रात्रीचे जुने सुती कपडे वेगळेच ठेवावेत.

दुसरी सूचना. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, आठ दिवसांत चट्टे साफ’ अशी बिनलेबलची मलमे फिरत आहेत. वनस्पतीचे तेल आठ दिवसांत चट्टा पुसत नाही. इतक्या झटपट गुण आला तर त्यात स्टिरॉइड मिसळल्याचा संशय धरावा. कातडी पातळ होते, आणि सोडताच आजार उसळतो. अशी डबी फेकण्याआधी डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे औषध कसे कमी करायचे ते ठरवता येईल.

पुढच्या घाटाच्या लेबलचा मजकूर आज पक्का केला: घटक वजनासह उतरत्या क्रमाने, तेल काढल्याची आणि भरल्याची तारीख, ‘तिळाची ॲलर्जी असल्यास वापरू नये’, ‘फक्त बाहेरून, दमट त्वचेवर’, ‘डोळे, घड्या आणि उघड्या जखमा टाळा’, ‘तेल लागलेले कपडे आगीपासून दूर’, ‘हे औषध नाही, चालू औषध बंद करू नका’. छपाई मोठ्या अक्षरात, कारण वापरणाऱ्यांत साठीच्या पुढचे बरेच आहेत. कोकमतेलाची पुढची खरेदी मे-जूनमध्ये, नव्या बियांचे आल्यावर; तोवर कपाटातले गोळे वर्तमानपत्रात न गुंडाळता स्टीलच्या डब्यात.